विष्णुपंत पागनीस : स्त्री-पार्ट ते तुकाराम

सांगोल्यात तुकाराम या विषयावर बोलायचं म्हणजे अवघडच. इथून पंढरपूर तीस-बत्तीस किलोमीटर. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी चालत वारी केलेली असेल आणि उरलेल्यांच्या घरात गाथा असेल. तेव्हा तुकोबांवर आम्ही बोलणार नाही, तो आमचा अधिकारही नाही. आमचा पेशा तत्त्वज्ञान शिकवण्याचा, तोही आता संपला. आज बोलायचंय ते तुकोबांची भूमिका करणाऱ्या नटाविषयी, विष्णुपंत पागनीसांविषयी.

सुरुवात घरातूनच करतो. १९६० च्या आसपासची गोष्ट. आम्ही दहाएक वर्षांचे होतो. आजीबरोबर मिरजेकडून येणाऱ्या छोट्या रुळांच्या गाडीनं पंढरपूरला गेलो होतो. यात्रेत तंबूतला सिनेमा होता आणि तंबूत 'संत तुकाराम'. बोलपट तेव्हाच पंचवीस वर्षांचा जुना झालेला. पट्टी ठिकठिकाणी तुटायची, आवाज फाटायचा. आजीनं तंबूच्या दाराशी चपला काढल्या. एकट्या आजीनं नव्हे, बऱ्याच बायकांनी काढल्या. पडद्यावर तुकाराम आला की हात जोडले जात होते. आम्ही शाळेत हुशार समजले जाणारे. पाटीवरची नावं वाचलेली. आम्ही आजीला म्हणालो, "तो तुकाराम नाही गं, नट आहे. पागनीस नाव त्याचं." आजी पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "आरं मग काय झालं? कीर्तनाला उभा ऱ्हातो त्यो तरी तुकोबा असतोय का?"

त्या वयात उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर पुढे तत्त्वज्ञानात पीएच.डी. केली तरी नीट सुचलं नाही. आजचं व्याख्यान त्याच प्रश्नाभोवती आहे.

पागनीस जन्मले १८९२ साली, बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीला. म्हणजे कानडी-मराठी सरमिसळीचा मुलूख. मराठी संगीत रंगभूमीचं बरंचसं बियाणं त्याच पट्ट्यातलं आहे, किर्लोस्करांपासून. लहानपणीच ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत गेले. ही तीच मंडळी, जिच्यात पोरवयाच्या केशवराव भोसल्यांनी 'शारदा' गाजवली आणि नंतर १९०८ साली बाहेर पडून 'ललितकलादर्श' काढली. गोड गळ्याचा, गोरागोमटा मुलगा कंपनीत आला की त्याचं काय व्हायचं ते ठरलेलंच होतं: स्त्री-पार्ट. पागनीसांचंही तेच झालं. पुढे ते ललितकलादर्शमध्येही होते.

हे स्त्री-पार्टी नट घडायचे कसे, ते थोडं सांगायला हवं. आजच्या पिढीला वाटतं, पुरुषानं लुगडं नेसलं आणि बायकी आवाज काढला की झालं. तसं नव्हतं. कंपनी हे एक चालतंबोलतं गुरुकुल होतं. बिऱ्हाड गावोगाव हलायचं. सकाळी गाण्याची तालीम, दुपारी नकला पाठ करणं, संध्याकाळी हालचालींची तालीम. (नक्कल म्हणजे भूमिकेची हस्तलिखित संहिता. तो शब्द आता गेला.) गाणं शिकायचं ते रागदारीचंच, कारण नाट्यपदांच्या चाली बंदिशींवर बसवलेल्या असायच्या. एकेका पदाला 'वन्स मोअर' मिळाला की नट पुन्हा नव्यानं आलापी करायचा आणि रात्री दहाला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालायचं. म्हणजे गळा शास्त्रीय गवयाचा हवा आणि देह बाईचा. पदर कसा सावरायचा, बसताना गुडघे कसे ठेवायचे, समोरच्याकडे बघायचं तर पापणी आधी किती खाली न्यायची, हे सगळं दहा-दहा वर्षं अंगात मुरवायचं.

आता यात तत्त्वज्ञानाच्या माणसाला एक गंमत दिसते. एरवी शिक्षण म्हणजे काहीतरी मिळवणं. या पोरांचं अर्धं शिक्षण काढून टाकण्याचं होतं. चालण्यातली ऐट काढ, आवाजातली जरब काढ, खांद्यातला ताठा काढ. पुरुषाला लहानपणापासून जे 'मी आहे' असं अंगानं सांगायला शिकवलं जातं, ते रोज संध्याकाळी तालमीत उतरवून ठेवायचं. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

नंतर काळ बदलला. बोलपट आले. १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, त्यात दुर्गा खोटे होत्या. घरंदाज बाई पडद्यावर येऊन बोलायला लागली म्हटल्यावर शालू नेसलेल्या पुरुषाचं काय काम? १९३३ साली नाट्यमन्वंतरनं 'आंधळ्यांची शाळा' केलं, त्यात रंगमंचावरही बायका. नाटकगृहांची सिनेमागृहं होऊ लागली आणि कंपन्या बुडू लागल्या. स्त्री-पार्ट करणाऱ्या नटांची एक अख्खी पिढी चाळिशीत बेकार झाली. त्यांच्या हातातली कला अशी की ती दुसरीकडे कुठे चालत नाही. आपल्याकडे यंत्रमाग आल्यावर हातमागवाल्याचं झालं तसंच म्हणा. सोलापूर जिल्ह्यात हे वेगळं समजावून सांगायला नको.

पागनीसांनी रंगभूमी सोडली आणि मुंबईत ते संगीतशिक्षक झाले. गाणं शिकवावं, भजनं करावीत, असा क्रम. सारंग रागातलं 'वंदे मातरम्' त्यांनी ध्वनिमुद्रित केलं, तीही आठवण ठेवण्यासारखी गोष्ट. पण नट म्हणून मनुष्य संपल्यातच जमा होता.

आणि इथे प्रभात फिल्म कंपनी येते. १९२९ साली कोल्हापुरात निघालेली, १९३३ ला पुण्यात आलेली. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर ही मंडळी बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेली. पेंटरांच्या कारखान्यात माणूस सुतारकामापासून कॅमेऱ्यापर्यंत सगळं शिकायचा. त्यातले विष्णुपंत दामले ध्वनीचे जाणकार, आणि शेख फत्तेलाल, ज्यांना सगळे साहेबमामा म्हणत, ते कलादिग्दर्शक. 'संत तुकाराम' या दोघांनी मिळून दिग्दर्शित केला. एक ब्राह्मण आणि एक मुसलमान, दोघेही कारागीर वृत्तीचे, बोलणं कमी. तुकोबांच्या देहूची जी झोपडी, जो नदीकाठ, जो मळा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो, तो फत्तेलालांच्या हातचा आहे. यावर भाषण न देता पुढे जातो.

तुकारामासाठी पागनीसांचं नाव निघालं तेव्हा शांतारामबापूंना ते पसंत नव्हतं. कारण उघड होतं. चालण्या-बोलण्यात बायकीपणा. आयुष्यभर लुगडी नेसलेला नट, हा तुकारामासारखा रोखठोक वाणी कसा वठवणार? दामले-फत्तेलाल मात्र हटले नाहीत.

शांतारामबापूंची शंका अस्थानी होती असं आम्ही म्हणणार नाही, कारण नुकतेच त्यांचे हात पोळले होते. आदल्याच वर्षी, १९३५ मध्ये, त्यांनी 'धर्मात्मा' काढला होता. त्यात एकनाथ कोण? साक्षात बालगंधर्व! भास्करबुवा बखल्यांचा शागीर्द, महाराष्ट्राचा कंठमणी. संगीत मास्टर कृष्णरावांचं, तेही भास्करबुवांचेच शिष्य. बालगंधर्वांनी १९१३ मध्ये उभी केलेली गंधर्व नाटक मंडळी कर्जात रुतलेली, म्हणून ते बोलपटाकडे वळलेले. सगळं जुळून आलं होतं आणि तरी जमलं नाही. चित्र वाईट नव्हतं. अस्पृश्यतेचा प्रश्न त्यानं धाडसानं मांडला. पण बालगंधर्व पडद्यावर अवघडलेले दिसतात. भागीदारी त्या एका चित्रावरच आटोपली. पुढे १९३७ मध्ये 'साध्वी मीराबाई' आला, त्यात ते पुन्हा स्त्रीवेषात, म्हणजे जवळजवळ नाटकच कॅमेऱ्यापुढे केलेलं. तेही चाललं नाही आणि बालगंधर्व रंगभूमीवर परतले.

आता बघा. दोघेही स्त्री-पार्टी. दोघेही रागदारीचे गायक. दोघेही चाळिशी ओलांडलेले. एकाच कंपनीत, एका वर्षाच्या अंतरानं, दोघांना संताची भूमिका. गायक म्हणून तर तुलनाच नको; बालगंधर्व कुठे आणि पागनीस कुठे. मग मोठा नट तिथे अडला आणि धाकटा पार झाला, हे कसं?

आम्हाला जे वाटतं ते असं. बालगंधर्वांचं गाणं श्रोत्याशी बांधलेलं होतं. समोर दीड हजार माणसं, त्यातून येणारी 'वाहवा', पेटी-ऑर्गनची साथ, एकेक जागा घेऊन समोर ठेवायची, दाद आली की दुसरी ठेवायची. ते देणं-घेणं म्हणजेच ते गाणं. स्टुडिओत समोर कोण? कॅमेरा आणि दिवेवाले. तेव्हा गाणं बहुतेक वेळा चित्रीकरणातच नटाच्या तोंडून ध्वनिमुद्रित व्हायचं, आणि पद तीन मिनिटांत संपवायचं. मासा पाण्याबाहेर काढून 'आता पोह' म्हणण्यासारखंच ते! शिवाय ज्यांनी त्यांना भामिनी म्हणून, सिंधू म्हणून पाहिलं होतं, त्यांना दाढी-मिशातले नाथ पाहवेनात.

पागनीस मात्र रंगभूमीपासून तुटलेले होते आणि हेच त्यांच्या पथ्यावर पडलं. मधल्या वर्षांत त्यांचं गाणं भजनाचं झालं होतं. भजनाला श्रोता लागतो, पण भजन श्रोत्याकडे तोंड करून म्हणायचं नसतं. दाद येवो न येवो, टाळ चालू राहतो. त्या गळ्याला रिकाम्या स्टुडिओची अडचण झाली नाही. आणि संगीतकार मिळाले केशवराव भोळे. ते नाट्यमन्वंतरमधून आलेले, नाट्यपदांतली तानबाजी छाटून शब्दाला जागा करून देणारे. भोळ्यांनी पागनीसांना गवई होऊ दिलं नाही. या चित्रातलं एक गाणं तर इतकं चपखल बसलं की ते गाथेत कुठे आहे म्हणून लोक शोधत बसले. ते होतं शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं.

चित्राची सुरुवात ज्यांनी पाहिली असेल त्यांनी आठवून बघावी. पहिल्यांदा दिसतो तो बसून गाणारा तुकाराम. कॅमेरा हलत नाही, पागनीसही जवळजवळ हलत नाहीत. डोळे किंचित वर, चेहरा सैल, ओठांवर हसू आहे की नाही ते ठरवता येत नाही. आणि लगेच देवळात सालोमालो, तोच अभंग आपल्या नावावर खपवणारा. भागवतांनी केलेला सालोमालो काय करतो? गिरक्या, मुरका, हातवारे, ताना. म्हणजे अगदी संगीत नाटकातला गवई! चोराच्या अंगात दिग्दर्शकांनी जुनी रंगभूमी घातली आणि संताच्या अंगातून ती काढून घेतली. आणि हे घडवून आणलं कुणाच्या देहातून? ज्यानं उभी हयात त्याच रंगभूमीवर घालवली त्याच्या. पागनीसांना सालोमालोसारखं गाता येत नव्हतं असं नाही. ते न गाणं हाच त्यांचा अभिनय आहे.

आणि तो बायकीपणा? शांतारामबापूंना खटकलेला? आपण वारकरी मुलखातले, आपल्याला याचं उत्तर लगेच सापडतं. विठ्ठलाला आपण माउली म्हणतो. ज्ञानेश्वरांनी विराण्या लिहिल्या त्या स्त्रीच्या तोंडून, गौळणी लिहिल्या त्याही. तुकोबांच्या गाथेत लेक सासरी निघाल्याची तगमग आहे. मराठी भक्तीत पुरुषाला देवाजवळ जायचं तर आपला ताठा दाराबाहेर ठेवावा लागतो. पागनीसांनी तो तालमीत, पोरवयातच ठेवला होता. भक्तीसाठी नव्हे, पोटासाठी ठेवला होता, पण ठेवला होता. म्हणून सालोमालोनं धाडलेली ती नायकीण जवळ येते तेव्हा हा तुकाराम दचकत नाही, तिला झिडकारत नाही. शिवाजीराजांचा नजराणा परत करतानाही त्याच्यात त्यागाची ऐट नाही. दुसऱ्या एखाद्या भरदार नटानं तिथे छाती काढली असती. पागनीस ओशाळल्यासारखे दिसतात, जणू राजाला उगाच तसदी दिली.

बोलपट १९३६ च्या डिसेंबरात मुंबईच्या सेंट्रलमध्ये लागला आणि सत्तावन्न आठवडे चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पुढे गीता कपूर, कुमार शहानी यांच्यासारख्या मोठ्या समीक्षकांनी त्यावर लिहिलं. हे सगळं खरं, पण यश एकट्या पागनीसांचं नाही. जिजाई म्हणजे गौरीबाई. प्रभातमध्ये किरकोळ कामासाठी आलेली बाई, तालीम नाही, गुरू नाही. आजारी पोराला घेऊन ती देवळात जाते आणि विठोबाला पायताण दाखवते, तेव्हा सगळं चित्र ती एकटी उचलून नेते. आम्हाला विचाराल तर पागनीसांचं शिक्षण आणि गौरीबाईंचं नसलेलं शिक्षण समोरासमोर आल्यामुळे ते चित्र उभं आहे. तिची आदळआपट नसती तर त्याची शांती पिठूळ झाली असती.

आता त्या आजीच्या प्रश्नाकडे. फ्रान्समध्ये अठराव्या शतकात दिदरो नावाचा विचारवंत झाला. त्यानं नटावर एक संवाद लिहिला, तो त्याच्या मृत्यूनंतर, १८३० साली छापला गेला. त्याचं म्हणणं असं: उत्तम नट तो, जो स्वतः काहीही अनुभवत नाही. डोकं थंड ठेवतो आणि भावनेच्या खुणा तेवढ्या बिनचूक काढून दाखवतो. आपल्याकडे अभिनवगुप्तानं हजार वर्षांपूर्वी आणखी पुढची गोष्ट सांगितली. रस नटाला नसतो, तो प्रेक्षकाला. नट हे पात्र, म्हणजे भांडं. मद्याची चव प्याल्याला कुठे कळते? मराठीत आपण भूमिकेलाही पात्र म्हणतो आणि भांड्यालाही, ते उगीच नाही.

आम्ही पंचवीस-सव्विसाव्या वर्षी पुण्यात पीएच.डी. करत होतो तेव्हा फिल्म सोसायटीत 'संत तुकाराम' पुन्हा पाहिला. डोक्यात दिदरो आणि अभिनवगुप्त पक्के बसलेले. चमत्काराचे प्रसंग आले, पडद्यावरचा गरुड उतरला, की मागचे तरुण हसत होते, आम्हीही हसलो. हे आता सांगताना बरं वाटत नाही, पण हसलो. चर्चेत उठून म्हणालोही, की हा नट नव्हेच, हा भाविक मनुष्य, याला कॅमेऱ्यापुढे बसवलं एवढंच. सगळ्यांना पटलं. आज वाटतं, पागनीसांवर तो मोठा अन्याय होता. भाविक माणसं महाराष्ट्रात लाखांनी होती. कॅमेऱ्यापुढे बसवलं असतं तर त्यातली बहुतेक लाकडासारखी बसली असती. दोन तास काहीही न दाखवता बसणं, आणि त्या न दाखवण्यातून समोरच्याचे हात जोडले जाणं, यामागे पंचवीस वर्षांची तालीम लागते. भाविकपणा असेलही, पण त्याला वाट करून देणारा देह कंपनीत घडला होता.

मात्र दिदरोही इथे पुरा पडत नाही. कारण पागनीसांचं पुढे काय झालं? १९३९ मध्ये रणजितनं त्यांना 'संत तुलसीदास' केलं. १९४० मध्ये प्रकाश पिक्चर्सनं 'नरसी भगत' केलं. १९४३ मध्ये 'महात्मा विदुर'. संत, भगत आणि महात्मा, चौथं काही नाही. लोक त्यांच्या पाया पडू लागले. ज्या नटानं तरुणपणी वेगवेगळ्या नायिका रंगवल्या, त्याला उतारवयात एकच चेहरा उरला. दिदरोचा थंड डोक्याचा नट रात्री मुखवटा खुंटीला टांगून घरी जातो. पागनीसांना तो टांगायला लोकांनी खुंटीच ठेवली नाही. आता हे नटाचं सार्थक म्हणायचं की त्याचा शेवट? आमचे एक जुने सहकारी म्हणायचे, सार्थक. आमचा कल थोडा दुसरीकडे आहे. नटाला नट म्हणून ओळखणं हाही त्याचा मान आहे, आणि तो त्यांना फारसा मिळाला नाही. १९४३ च्या ऑक्टोबरात, पन्नाशीतच, ते गेले.

तरी आजीचं म्हणणं आम्ही आता थोडं वेगळ्या कानानं ऐकतो. ती अडाणी होती म्हणून तिला नट आणि संत यातला फरक कळला नाही, असं आम्ही तेव्हा धरून चाललो. फरक तिला नेमका कळत होता. कीर्तनाला उभा राहणारा बुवा तुकोबा नसतो, तो उद्या बाजारात भेटतो, उधारीही ठेवतो, हे तिला ठाऊक होतं. तरी तो उभा असेपर्यंत ती त्याच्या पाया पडायची. पडद्यावरच्या पागनीसांना तिनं त्याच रांगेत बसवलं होतं. दिदरो म्हणतो नट फसवतो, अभिनवगुप्त म्हणतो नट वाहून नेतो. आजीच्या लेखी नट तेवढ्यापुरता जागेवर उभा होता. या तिसऱ्या मताला शास्त्रात नाव काय, ते आम्हाला अजून सापडलेलं नाही.

तुम्ही घरी गेलात की देवघरातली किंवा दुकानातल्या कॅलेंडरवरची तुकोबांची तसबीर एकदा जवळून बघा. पागोटं, हातात वीणा, किंचित वर गेलेले डोळे, ते ठरवता न येणारं हसू. अशा कितीतरी तसबिरी १९३६ नंतरच्या आहेत आणि त्यांतला चेहरा चिकोडीच्या एका नाटकवाल्याच्या चेहऱ्यावरून उतरलेला आहे.

वेळ बरीच झाली, मागे चहा थांबलाय. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.